एक्केचाळीस विरुद्ध एक

तुम्ही विचारलेत म्हणून लिहितो. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील एका गोंड गावात मी एकोणीस वर्षे शिक्षक होतो, हे कळले की समोरचा माणूस हमखास म्हणतो, "मग गुरुजी, आजच्या माणसाने आदिवासींकडून नेमके काय शिकावे?" हा प्रश्न मला तेरवीच्या जेवणात विचारला गेला आहे, रक्तदाब तपासताना डॉक्टरांनी विचारला आहे, आणि दर वर्षी 9 ऑगस्ट, म्हणजे जागतिक आदिवासी दिन, जवळ आला की कार्यक्रमांचे आयोजक तो फोनवर विचारतात. त्यांना वीस मिनिटांत बसणारे पाच मुद्दे हवे असतात.

पूर्वी मी ते देत असे. 1994 साली एका स्मरणिकेत तर मी या विषयावर साडेतीन पाने लिहिली होती: निसर्गाशी मैत्री, हाव नसणे, स्त्रीचा मान, सामूहिक जीवन आणि समाधान. परवा तो लेख ट्रंकेत सापडला. व्याकरण शुद्ध आहे. पण साडेतीन पानांत एकही माणूस काही बोलत नाही, कोणी आजारी पडत नाही, कोणी कोणाशी भांडत नाही. आंब्याचा सण, म्हणजे मरका पंडुम, होईपर्यंत गावात नवा आंबा कोणी तोंडाला लावत नाही, त्यामुळे फळ झाडावर पुरते धरते आणि कोय पक्की होते, असे मी लिहिले होते. ते खरे आहे. माझ्या शाळेतली पोरे सणाच्या पंधरा दिवस आधीच दप्तरात कैऱ्या आणि कागदाच्या पुडीत मीठ घेऊन येत आणि शाळेमागे बसून खात, हेही तितकेच खरे होते, आणि ते मी गाळले होते. 'निरोगी जीवन' असाही एक परिच्छेद आहे. लेख छापून आला त्याच्या पुढच्याच वर्षी, त्याच जिल्ह्यात, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 39 गावांत गावातल्याच स्त्रियांमार्फत नवजात बाळांची घरोघरी काळजी घ्यायला सुरुवात केली, आणि तीन वर्षांत तिथले नवजात मृत्यू, ही सोय नसलेल्या गावांच्या तुलनेत, 62 टक्क्यांनी घटले. इतके घटायला आधी ते तितके असावे लागतात. माझ्या निरोगी जीवनात ती बाळे कुठेच नव्हती.

मग शिकण्यासारखे काहीच नाही का, असे तुम्ही चिडून विचाराल. एक गोष्ट आहे, पण ती मी शिकलो असे म्हणवत नाही. ती मी मोडली, म्हणून मला दिसली.

आमच्या गावाची बैठक गोटुलात, म्हणजे गावाने एकत्र जमायच्या जागेत, भरत असे आणि तिथे हात मोजून निर्णय होत नसे. एकाचे जरी मन तयार नसले तरी विषय तसाच ठेवून लोक उठत आणि पुढच्या वेळी पुन्हा तिथूनच सुरुवात करत. आमच्यापासून फार दूर नसलेल्या मेंढा-लेखा गावाने हीच रीत आपल्या ग्रामसभेत पक्की केली. तिथले पुढारी देवाजी तोफा आणि 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तुम्हाला ठाऊक असेल. 2009 साली त्या गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि 2011 पासून गाव आपला बांबू आपण विकू लागले, हेही तुम्ही वाचले असेल. पाहुणे घोषणेवर खूश होऊन जातात. ती घोषणा चालवण्यासाठी लोकांना किती रात्री बसावे लागते, हे कोणी विचारत नाही.

1997 च्या फेब्रुवारीत आमच्या शाळेला दुसरी वर्गखोली मंजूर झाली. तोवर चारही वर्ग एकाच खोलीत बसत. एका कोपऱ्यात पाढे आणि दुसऱ्या कोपऱ्यात कविता. निधी 31 मार्चच्या आत कामी लागला नाही तर परत जाणार होता. सोयीची जागा एकच होती आणि तिथे मोहाचे एक जुने झाड होते. ते तोडण्याची परवानगी मी खेटे घालून मिळवली होती. गावाचा होकार तेवढा उरला होता. पहिल्या बैठकीत सगळे हो म्हणाले. फक्त एक म्हातारे गृहस्थ, ज्यांना सारे गाव आजा म्हणत असे, म्हणाले, "मले पटत नाही." विषय तिथेच थांबला आणि लोक रानडुकरांबद्दल बोलू लागले. दुसऱ्या बैठकीतही तेच झाले. तिसरी बैठक भरली तेव्हा मार्च लागायला चार दिवस होते.

मी उभा राहिलो. त्या बैठकीत कोणी उभे राहून बोलत नसे, हे मला तेव्हा जाणवलेही नाही. लोकशाहीत बहुमताने निर्णय होतो, पोरांच्या शिक्षणाचा प्रश्न आहे, ज्यांना खोली हवी त्यांनी हात वर करावेत, असे मी म्हणालो. बराच वेळ कोणी हलले नाही. मग माझ्या दोन माजी विद्यार्थ्यांनी हात वर केले आणि त्यांच्याकडे पाहून हळूहळू इतरांनी. वर्गात पोरे मोजावीत तसे मी बोटाने मोजत गेलो आणि एक्केचाळीसवर थांबलो. काही हात खांद्याच्या वर गेलेच नव्हते. ते मी धरले. "विरोधात कोण?" असे विचारल्यावर आजांनी हात वर केला नाही. त्यांनी खांबाला टेकवलेली काठी उचलली आणि म्हणाले, "मोजून झालं असन तं जातो मी, गुरुजी."

मार्चच्या पहिल्या आठवड्यात झाड पडले. त्या झाडाची फुले गावच्या रीतीने आजांच्या घराची होती. फुले वेचायला सोपे जावे म्हणून मोहाखालचा पालापाचोळा झाडून जाळतात, आणि आजांच्या घरच्यांनी ते आधीच करून ठेवले होते. झाड गेले, फांद्या लोकांनी सरपणाला नेल्या, आणि जमिनीवर ते जळलेले काळे वर्तुळ तेवढे राहिले. पाया खणण्यासाठी गवंड्याने त्याच्या बरोबर मधून दोरी ताणली. नेलेल्या फांद्यांच्या टोकांना तपकिरी कळ्यांचे घोस होते.

आजा माझ्याशी कधी भांडले नाहीत. वाटेत भेटले की "जोहार, गुरुजी" म्हणत. बैठकीला मात्र ते पुन्हा आले नाहीत आणि दोन वर्षांनी वारले. त्यांना काय पटत नव्हते? कोणी सांगे फुलांचे उत्पन्न, कोणी सांगे झाडावर देव होता, कोणी सांगे पावसाळ्यात पाणी तिथूनच वाहते. तीन बैठकांत मी त्यांना पुन्हा पुन्हा 'हो म्हणा' म्हणालो. 'का' म्हणून एकदाही विचारले नाही.

पुढच्या बैठकीत तलावातल्या मासेमारीवरून दोन मते पडली, तेव्हा एका तरुणाने अगदी सरळ मनाने मला विचारले, "गुरुजी, हात वर करायचे काय?" पुढे तेंदूपत्त्याच्या मजुरीवरून हातांचे दोन गट झाले आणि त्यांतला एक गट गोटुलात यायचा बंद झाला.

सगळा दोष मी घ्यावा, हे मात्र मला मान्य नाही. ग्रामपंचायतीच्या निवडणुका गावाला आधीपासून ठाऊक होत्या. मतदान मी काही शहरातून पोत्यात घालून आणले नव्हते. खोली झाली, आणि त्या खोलीत शिकलेली एक मुलगी आज नर्स आहे. आणखी तीन बैठका थांबलो असतो तर निधी गेलाच असता. गावाने आपला कारभार आपल्या रीतीने चालवावा हे मानणारा पेसा कायदा आदल्याच डिसेंबरात दिल्लीत झाला होता, पण आमच्या गावात तो कोणाला माहीत नव्हता, मलाही नव्हता. माहीत असता तर थांबलो असतो का, हे मला सांगता येत नाही, कारण 'सामूहिक जीवन' या मुद्द्यावर अर्धे पान लिहिणारा माणूस आणि तीन वर्षांनी हात मोजणारा माणूस एकच होता.

शिवाय ज्या सहमतीसाठी मी हळहळतो, ती तरी सर्वांची कुठे होती? पाळीच्या दिवसांत स्त्रिया वस्तीच्या कडेला कुर्माघरात राहत. तिन्ही बैठकींच्या रात्री तिथे कोणी ना कोणी असणारच, आणि त्यांना पटते की नाही हे मी विचारले नाही, तसे आजांनीही कधी विचारले नव्हते. हे मी एकदा व्यासपीठावरून बोललो, तेव्हा एका गोंड तरुणाने उठून सुनावले की आधी आमचे गोडवेही तुम्हीच गाणार आणि मग दोषही तुम्हीच काढणार, माईक मात्र कायम तुमच्याच हातात. त्याला मी त्या दिवशी लांबलचक उत्तर दिले. आज ते उत्तर आठवत नाही. त्याचे वाक्य आठवते.

निवृत्तीनंतर मी यवतमाळ जिल्ह्यातल्या माझ्या गावी परतलो. वडिलांच्या शेताची वाटणी झाली होती, आणि थोरल्या भावाचा व माझा वाद निघाला तो धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, तुरीच्या दोन ओळींपुरत्या जागेसाठी. एकोणीस वर्षे गोटुलात बसलेल्या माणसाने काय केले? सरकारी मोजणी आणली. मोजणी माझ्या बाजूने लागली आणि दगड रोवले गेले. भाऊ दिवसभर निंबाखाली बसून होते. सही मागितली तेव्हा त्यांनी वाद न घालता केली.

तुमच्या प्रश्नाचा विचार मी खरा त्या दिवशी केला. धानोऱ्याकडच्या गावात ज्याला बैठकीत हरवायचे, त्याचेच बैल दुसऱ्या दिवशी पेरणीला मागावे लागत, त्याच्याच घरच्यांनी मयताला खांदा द्यायचा असे. त्यामुळे त्याचे मन वळेपर्यंत थांबणे हा काही मोठेपणा नव्हता, न थांबणे परवडणारे नव्हते. माझा ट्रॅक्टर भाड्याचा आहे. फवारणीला मजूर फोनवर मिळतो. भावावाचून माझे काही अडत नाही, आणि ज्याच्यावाचून अडत नाही त्याच्यासाठी रात्र रात्र बसायचे कुठून शिकायचे, हे मला आजवर कोणी सांगितलेले नाही, गोंडांनीही नाही.

तेव्हा यंदाच्या 9 ऑगस्टला मला बोलावू नका. गडचिरोलीहून धानोऱ्याला एसटी जाते, मेंढा त्याच्या अलीकडेच आहे. तिथे पाच मुद्दे मिळतील की नाही, ठाऊक नाही. उलट प्रश्न नक्की विचारले जातील. मला इकडे काम आहे. धुऱ्यावरचा एक दगड मागच्या पावसात कलला आहे, आणि तो भाऊंनी सरळ करायचा की मी, हे आमचे अजून ठरलेले नाही.