ठाण्यात भाड्याचं घर: सगळं झालं, एनओसी अडली

परत ठाण्यात आल्यावर सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला असं कोणी विचारलं की त्यांना वाटतं मी ट्रॅफिक म्हणेन, नाहीतर भाडं. दोन्ही आहेतच, पण मला रडवलं ते सोसायटीच्या एका पानी एनओसीने, म्हणजे ना-हरकत पत्राने. अजून आठवलं की डोकं फिरतं.

मी नौपाड्यात वाढलेली. लॉकडाऊनपासून कोल्हापूरला बसून काम चालू होतं, मग कंपनीने ऐरोलीच्या ऑफिसला बोलावलं. आईबाबांनी ठाण्यातलं घर विकून कधीच गाव गाठलंय, त्यामुळे आपल्याच शहरात भाडेकरू. तात्पुरती डोंबिवलीला मावशीकडे राहिले. डोंबिवलीहून सकाळची फास्ट पकडायची (पकडायची म्हणजे मागच्या बायका आत ढकलतात, आपण काही करायचं नसतं), ठाण्याला सहा नंबरला उतरायचं आणि पूल चढून नऊ-दहावर ट्रान्सहार्बरला, म्हणजे ऐरोलीकडे जाणाऱ्या लोकलला जायचं. 2024 च्या त्या मोठ्या मेगाब्लॉकमध्ये पाच-सहा नंबर प्लॅटफॉर्म रुंद केला, फरक नक्की पडलाय, पण पुलाचा जिना तेवढाच आहे ना.

घरं आधी घोडबंदरला बघितली. एजंट रविवारी दुपारी न्यायचा आणि म्हणायचा, मॅडम स्टेशन पंधरा मिनिटं. रविवारी दुपारी बरोबर आहे त्याचं. वर्किंग डेला सकाळी पावणेनऊला कासारवडवलीहून निघून बघा, मेट्रो 4 चं काम, खड्डे आणि गायमुखकडून येणारे कंटेनर. तर घर बघायला जायचं ते ऑफिसच्या वेळेलाच, हे पहिलं लिहून ठेवा. शेवटी मी कोपरीत, म्हणजे ठाणे पूर्वेला, वन बीएचके घेतला. जुनी बिल्डिंग, 28 हजार भाडं, एक लाख डिपॉझिट, वर एजंटला एक महिन्याचं भाडं. भाडं ऐकून मावशी म्हणाली, अगं एवढ्यात आमचा हप्ता जायचा. पण दहा नंबर प्लॅटफॉर्म चालत गाठता येतो, आणि ऐरोलीला जाणारीला ह्यापेक्षा काय हवं.

अ‍ॅग्रीमेंट घरी येऊन करून गेला एक मुलगा, अंगठ्याचं मशीन आणि कॅमेरा घेऊन. पोलिसांना भाडेकरूची माहिती द्यायची तीही ऑनलाइन. तिथे काही अडलं नाही. एक तारखेपासून भाडं सुरू. आणि मी बॅगांसकट डोंबिवलीलाच, कारण गेटवरचा वॉचमन म्हणाला, सेक्रेटरीसाहेबांची एनओसी दाखवा, तरच टेम्पो आत.

सोसायटीचं ऑफिस म्हणजे जिन्याखाली मीटररूमच्या शेजारची खोली. एक गोदरेजचं कपाट, त्यावर मागच्या गणपतीचं मखर, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. उघडतं फक्त रविवारी अकरा ते बारा. पहिल्या रविवारी सेक्रेटरी काका लग्नाला गेलेले. पुढच्या रविवारी भेटले, फाइल बघितली, रजिस्टर्ड अ‍ॅग्रीमेंट, आधार, फोटो, पोलिसांची पोच सगळं होतं, तरी म्हणाले कमिटीत ठेवतो. कमिटी म्हणजे माझा इंटरव्ह्यूच. एकट्याच राहणार का? मिस्टर कुठे असतात? (नाशिकला, प्लांटमध्ये, शनिवार-रविवार येतात.) मग त्यांचाही फोटो आणा, आणि मॅरेज सर्टिफिकेट. रात्री उशिरा येणं असतं का? शिफ्ट असते का? मी म्हटलं काका, मी ह्याच ठाण्यात शाळा-कॉलेज केलंय, तर म्हणाले तसं नाही हो, आमच्याकडे पद्धत आहे. सर्टिफिकेटही आणून दिलं. तरी पुढच्या रविवारी "सही राहिलीय", त्याच्या पुढच्या रविवारी "चेअरमन बाहेरगावी आहेत".

खरं कारण हिशोब लिहायला येणाऱ्या माणसाने जिन्यात हळूच सांगितलं. मालकाने दुरुस्ती फंडाचे पैसे थकवलेत, त्यांचा आणि कमिटीचा जुना वाद आहे, आणि मालक राहतात पुण्याला, त्यांना पकडता येत नाही म्हणून मला पकडलं होतं. म्हणजे भांडण त्यांचं, भाडं माझं, आणि सामान मावशीच्या गॅलरीत.

मग मी रात्री बसून आदर्श उपविधी, म्हणजे हाउसिंग सोसायट्यांची नमुना नियमावली, वाचले. त्यात स्पष्ट आहे की फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही, मालकाने आठ दिवस आधी कळवायचं, सोबत कराराची आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत जोडायची, बस. आणि नॉन ऑक्युपन्सी चार्जेस (घर भाड्याने दिलं की सोसायटी लावते ते) सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत, 2001 चा जीआर आहे, तेही मालकाने भरायचे. काकांनी ते माझ्याकडे मागितले होते, तेही दुप्पट!

मालकांना फोन केला. ते नेहमीचंच, मी बघतो, मी बोलतो. ह्या वेळी मी सांगितलं की चावी असून घरात जाता येत नाही तोवर पुढचं भाडं देणार नाही. दुसऱ्याच दिवशी सोसायटीला त्यांचं पत्र गेलं, उपविधीचा उल्लेख करून, त्याचा मसुदा मीच करून दिला होता, आणि इनवर्डचा, म्हणजे पत्र मिळाल्याचा, शिक्का मारलेली प्रत मी समोर उभं राहून घेतली. शिक्क्याचं पॅड वाळलेलं होतं, काकांनी त्यावर पाण्याचे थेंब टाकून तीनदा दाबलं. थकबाकीतली काही रक्कमही मालकांनी भरली. त्या आठवड्यात एनओसी आली. दोन ओळी.

एक राहिलंच, टोकन द्यायच्या आधी मालकाकडून सोसायटीचं नो ड्यूज (थकबाकी नसल्याचं पत्र) मागा किंवा मेंटेनन्सची शेवटची पावती बघा. एजंट म्हणेल कशाला मॅडम, तरी मागा. ऑफिस कधी उघडतं तेही टोकनच्या आधीच विचारा. आणि अ‍ॅग्रीमेंटवाला एकरकमी आकडा सांगतो तेव्हा फोड करून घ्या. स्टँप ड्यूटी पूर्ण मुदतीच्या भाड्यावर पाव टक्का असते, डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज धरून तेही त्यात मिळवतात, माझी 800 च्या आत बसली, रजिस्ट्रेशन 1000, बाकी त्याची मेहनत. नोंदणी करणं 1999 च्या भाडे कायद्याप्रमाणे मालकाची जबाबदारी आहे, अकरा महिन्यांचा करार असला तरी करावीच लागते, त्यामुळे खर्च अर्धा-अर्धा तरी बोलून घ्या. आधारला जुना मोबाइल नंबर असेल तर तो आधी बदला.

सामान मी बुधवारी आणलं, रविवारी लिफ्ट वापरू देत नाहीत. शिफ्टिंग चार्ज म्हणून दोन हजार रोख मागत होते, मी चेकने दिले. चेक लगेच वटला. पावती मात्र अजून मिळालेली नाही, दर रविवारी अकराला जाऊन मागते, काका आता मला बघितलं की मोबाइल कानाला लावतात.