पपईच्या पानामागं

परसातल्या पपईवर पिठ्या ढेकूण पडला की आई लगेच औषधाचा पंप भरते. यंदा मी तिचा हात धरला. पान उलटून भिंगातून पाहिलं, तर त्या पांढऱ्या कापसात काही ढेकूण फुगून तपकिरी, टणक झालेले, आणि प्रत्येकाला एक गोल भोक! शेजारीच पिवळसर ठिपका चालत होता. अ‍ॅसेरोफॅगस पपयी!

ही गांधीलमाशीच्या गणातली माशी, पण मिलिमीटरभरही नाही. माणसाला चावत नाही. मादी ढेकणाच्या पिल्लात अंडं घालते, अळी त्याला आतून खाते. मूळ मेक्सिकोकडच्या या ढेकणाच्या बंदोबस्तासाठी बंगळुरूच्या शास्त्रज्ञांनी २०१० साली ही पोर्तो रिकोहून आणवली. किती उपकार!

भिंग आईकडे दिलं. "अगं बाई, एवढीशी?" म्हणाली, आणि पंप पडवीत ठेवून आली.