पाणी आटणारं अभयारण्य

रविवार, रात्री

कच्छच्या छोट्या रणातून आज सकाळी नागपूरला परतले. चहा देता देता आई म्हणाली, “इतक्या दूर जाऊन तलाव तं पाहिलाच नाही तू!” खरंच आहे. बजाण्याच्या बाजूनं आत शिरलो तेव्हा समोर होती ती भेगाळलेली राखाडी जमीन, नजर जाईल तिथवर. एखाद्या सखल भागात पाणी उरलेलं, आणि त्यात रोहित पक्षी चोच उलटी बुडवून चरत होते. पहाटे क्रौंचांचा आवाज आधी आला, थवे नंतर दिसले.

पावसाळ्यात हेच सगळं पाण्याखाली असतं. बनास, रूपेण, सरस्वती या नद्यांचं गोडं पाणी इकडून येतं आणि खाडीतून समुद्राचं खारं पाणी तिकडून आत ढकललं जातं. त्या मिसळलेल्या पाण्यात कोळंबीची पिल्लं वाढतात. रानगाढवं तेव्हा उंचवट्यांवर जातात, तिथले लोक त्यांना ‘बेट’ म्हणतात. मग पाणी ओसरतं आणि अगरिया कुटुंबं मीठ पिकवायला येऊन राहतात. जमिनीखालचं खारं पाणी उपसायचं, वाफ्यांत पसरायचं, उन्हाची वाट बघायची. उपशासाठी आता बऱ्याच ठिकाणी सौर पंप दिसतात.

रानगाढवं मनसोक्त पाहिली. फिकट तपकिरी अंग, पाठीवर गडद पट्टा, आणि पळायला लागली की जीप मागे पडते. १९६० च्या दशकात रोगाच्या साथीनं ती चारशेच्याही खाली गेली होती. १९७० च्या दशकात सुमारे ४,९५० चौरस किलोमीटरचं अभयारण्य झालं. २०२४ च्या गणनेत आकडा ७,६७२ आला. इतका मोठा प्राणी असा सावरल्याचं वाचून मला फार बरं वाटलं.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. या रणाचं गोड्या पाण्याचं कायमचं सरोवर करावं, अशी योजना मध्यंतरी चर्चेत होती. ऐकायला छान वाटतं, कारण भरलेलं पाणी चांगलं आणि आटलेलं वाईट, हे आपल्या मनात पक्कं बसलंय. पण इथं पाणी वर्षभर साठलं तर रानगाढवांनी चरायचं कुठं? मीठ कुठं पिकणार? खाऱ्या-गोड्या मिश्रणावर वाढणाऱ्या कोळंबीचं काय? मला ही योजना साफ चुकीची वाटते.

आईला हे सांगत होते तर ती म्हणाली, “मंग आपल्या तलावाचं काय?” आपल्याकडेही काठाचं पाणी उतरलं, चिखल उघडा पडला, की तुतारी आणि चिखल्या हे पक्षी तिथंच किडे टिपायला उतरतात. सुशोभीकरणात तोच काठ पहिल्यांदा दगडांनी बांधला जातो, त्यावर फरसबंदी होते. मार्चमध्ये आईला घेऊन नवेगावबांधच्या तलावावर जायचं ठरवलंय, पाणी मागे सरलेलं असताना. तिला चिखलात चालवेल का, ते विचारायचं राहिलंय.