चितोडचे सरदार आणि आमची पायली

आमचं आडनाव परदेशी. किती पिढ्या झाल्या मराठवाड्यात, घरात सगळे मराठीच बोलतात, हुरडा, ज्वारीची भाकरी, ठेचा सगळं आलं, पण आडनाव विचारलं की समोरचा हमखास म्हणतो, मग मूळचे कुठले तुम्ही? लहानपणी माझं उत्तर तयार असायचं. चितोडगड. आजोबांनी पाठच करून घेतलं होतं.

त्यांची गोष्ट अशी की आमचा मूळपुरुष महाराणा प्रतापांच्या सैन्यात सरदार होता, हळदीघाटात लढला, मग चेतकच्या वंशातल्या घोड्यावर बसून दख्खनला आला आणि इथं त्याला गंगथडीचं, म्हणजे गोदाकाठचं, अख्खं गाव जहागीर मिळालं. जहागिरीचे कागद कुठंयत? तर नाथसागरात. आमचं जुनं गाव जायकवाडीत गेलं, ७०च्या दशकात उठलो आम्ही तिथून, आणि आजोबांच्या म्हणण्यानुसार त्या धावपळीत कागदांची पेटी राहिली ती राहिलीच. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या चावडीचा चौथरा अजून दिसतो, आजोबा काठावर उभं राहून हात करून दाखवायचे, ते बघ, तिथं होती पेटी. आता पाण्याखालच्या पेटीला कोण खोटं पाडणार.

दसऱ्याला, म्हणजे खरं तर आदल्या दिवशी खंडेनवमीला, देवघरातली तलवार निघायची. तिच्याशेजारी पाटावर एक लोखंडी पायली पण मांडायचे, तिला पण हळदकुंकू, तिला पण झेंडूचं फूल. तलवारीबद्दल आजोबा तासभर बोलायचे. पायलीबद्दल कुणी कधी विचारलं नाही, मी पण नाही.

हे सगळं परत डोक्यात आलं ते २०२३ला. त्या वर्षी आपल्याकडे निजामकालीन नोंदींचा नुसता धुरळा उडाला होता, कुणबी नोंदींसाठी जो तो तहसीलला, मोडी वाचणाऱ्याला भाव आलेला, उर्दू वाचणाऱ्याला त्याहून जास्त. आमचा काही संबंध नव्हता पण माझ्या चुलतभावाला चैन पडेना, त्यानं पण अर्ज टाकला आणि कुठल्या तरी जुन्या उर्दू कागदाची नक्कल मिळवली. रात्री साडेअकराला फॅमिली ग्रुपवर फोटो, खाली लिहिलेलं, भावांनो आपला सन १३१२चा कागद सापडला, देवगिरीच्या यादवांच्या काळातला!!! त्यावर ४० जणांचे हात जोडलेले, भगवे झेंडे, एका काकांनी तर लगेच वंशवृक्षाला फ्रेम करायचं ठरवलं.

मी सकाळी बघितलं. १३१२ होतं बरोबर, पण फसली. निजामाच्या राज्यात महसुलाचा हिशोब फसली सनात चालायचा आणि आपलं इसवी सन काढायला त्यात ५९० मिळवायचे. १३१२ म्हणजे १९०२च्या आसपास. यादवांच्या काळात उर्दूत कागद कोण लिहिणार होतं हे पण कुणाच्या डोक्यात आलं नाही. ग्रुपवर टाकलं तर भाऊ म्हणाला, तुला प्रत्येकात खोटच काढायची असते. चार दिवस बोलला नाही माझ्याशी.

पण मग मलाच किडा चावला. आधी चितोडचं बघितलं तर पहिल्याच पायरीला गाडी अडली. चितोड १५६८ला अकबरानं घेतलं आणि प्रताप होते तोवर ते मोगलांकडेच राहिलं, १५९७ला ते गेले. आणि मलिक अंबरनं खडकी वसवली १६१०ला, तिचंच पुढं औरंगाबाद झालं आणि आता छत्रपती संभाजीनगर. म्हणजे प्रतापांचा सरदार तेव्हा इथं येऊन करणार काय.

राजपूत इथं आले होते, हे मात्र शंभर टक्के खरं. शहराचे पुरेच सांगतात ना. कर्णपुरा बिकानेरच्या कर्णसिंगाचा, पदमपुरा त्याच्या पोराचा पदमसिंगाचा, भावसिंगपुरा बुंदीच्या भावसिंग हाडाचा, पहाडसिंगपुरा ओरछाच्या पहाडसिंग बुंदेल्याचा, जयसिंगपुरा मिर्झाराजांचा. पण हे सगळे मोगलांचे मनसबदार, दख्खनच्या मोहिमांवर आलेले. कर्णसिंग तर १६६९ला इथंच वारला. मला वाटलं, मिळालं! आम्ही दरवर्षी नवरात्रात कर्णपुऱ्याच्या देवीला जातो, आजोबा तिला आपलीच देवी म्हणायचे, म्हणजे आपण कर्णसिंगाच्या फौजेतले असणार, आणि मोगलांची चाकरी गावात सांगायला बरी वाटत नाही म्हणून कुणीतरी हळूच बिकानेरचं चितोड केलं असणार. माझी ही थिअरी मला इतकी आवडली की दोन महिने मी तीच सगळ्यांना सांगत होतो. म्हणजे भावाला हसलो आणि स्वतः तेच केलं, फक्त राजा बदलला.

तसं आपल्याकडं प्रत्येकाला एक चितोड किंवा एक देवगिरी लागतेच. सिंदखेडचे जाधव स्वतःला देवगिरीच्या यादवांचे म्हणवायचे. भोसल्यांची पाटीलकी इथंच वेरूळला, आणि १६७४ला राज्याभिषेकाच्या वेळी त्यांचं कूळ चितोडच्या सिसोदियांशी जोडून सांगितलं गेलं. त्यांच्यासाठी तो राज्याचा प्रश्न होता. आमच्यासारख्यांचा कसला होता, ते मला त्र्यंबकला कळलं.

काकांच्या नारायण नागबळीसाठी गेलो होतो. आमच्या तीर्थोपाध्यांकडे गावाच्या नावानं वह्या असतात, कोण कधी आलं, बरोबर कोण होतं, पोरं किती, सगळं लिहून खाली सही नाहीतर अंगठा. गुरुजींनी लाल कापडात बांधलेलं बाड सोडलं, बोटाला थुंकी लावत पानं उलटली आणि मोडी असं घडाघडा वाचायला लागले की जसं आपण पेपर वाचतो. आमच्या घराण्याच्या तीन नोंदी निघाल्या.

पहिली शके १८०६, म्हणजे १८८४. खापरपणजोबा. मूळ हिंदुस्थानातले, हल्ली वस्ती छावणी औरंगाबाद, धंदा दाणा-चंदी. बस. (हिंदुस्थान म्हणजे तेव्हाच्या मराठीत उत्तरेकडचा मुलूख, आजचा देश नाही.) दुसरी शके १८४२, १९२०ची, पणजोबांची. आता वस्ती गंगथडीच्या गावात, धंदा शेती व देवघेव, आणि नावाच्या पुढं ठाकूर लागलेलं. तिसरी शके १८७८, १९५६ची, ही बाळबोधमध्ये म्हणजे देवनागरीत, खाली माझ्या आजोबांची ऐटदार सही. मूळ चितोडगड, सरदार घराणे.

मी गुरुजींना पहिली नोंद परत वाचायला लावली. दाणा-चंदी. छावणीत हैदराबाद कंटिन्जंटचं, म्हणजे निजामाच्या राज्यातल्या इंग्रजी अंमलाखालच्या फौजेचं, घोडदळ असायचं, तेच ज्यातल्या एका तुकडीनं १८५७ला बंड केलं आणि ज्याच्यामुळं आपला क्रांती चौक आहे. घोडे म्हटले की रोजची चंदी आली, हरभरा, कुळीथ, मापानं मोजून. आणि छावणीतून कर्णपुरा म्हणजे चालत पाच-दहा मिनिटं. जवळ होती म्हणून देवी आमची, बाकी काही नाही. तेव्हा गोष्टीतला घोडा खरा होता. फक्त आमचा माणूस वर बसलेला नव्हता, खाली उभा राहून पायलीनं हरभरा मोजत होता.

आता १९२० ते १९५६च्या मध्ये चितोड कुठून आलं, ते एकाच माणसाला माहीत असणार होतं. बाबांची आत्या, आम्ही आत्याआजी म्हणतो, नव्वदीला टेकलेली, कान गेलेत पण डोकं एकदम साबूत. विचारलं तर हसायलाच लागली.

"अरे बाळा, भाट आलता ना. पोलीस ॲक्शन झाली, त्याच्या दुसऱ्या का तिसऱ्या साली. ताईचं लग्न जमत नव्हतं, खानदेशातलं स्थळ होतं, ते म्हणले तुमचं कूळ सांगा. तुझ्या पणज्यानं भाट बोलावला. चार दिवस ओसरीवर बसून होता, रोज पुरणपोळी. मग एक दिवस पाव्हण्यांसमोर अशी वंशावळ वाचली बघ, आम्ही पोरी तोंडं उघडी टाकून ऐकत होतो. त्याला ५१ रुपये दिले अन् म्हैस दिली. चांगली होती रे म्हैस, खाली वगार होती. माय लई रडली त्या म्हशीपायी."

"आणि लग्न?"

"झालं की. चांगला होता नवरा."

निजामाविरुद्धची पोलीस ॲक्शन १९४८ची, म्हणजे हे १९५०च्या आसपासचं. आजोबा तेव्हा तरुण पोरगे, ते पण ओसरीवर बसून ऐकत असणार. सहा-सात वर्षांनी त्र्यंबकला गेले तेव्हा त्यांच्यासाठी ते खरंच झालेलं होतं, मला नाही वाटत ते खोटं लिहीत होते. पेटीचं मात्र त्यांनी स्वतः जोडलं, आत्याआजीला विचारलं तर ती म्हणाली, कसली पेटी?

घरी आल्यावर पायली उतरवून बघितली. काठ एका बाजूनं चांगलाच झिजलाय, जिथं धान्य सपाट करायला हात फिरतो तिथं. तलवारीला साधा ओरखडा नाही.

हे सगळं मी अजून ग्रुपवर टाकलेलं नाही. मागच्या आठवड्यात भावाचा फोन आला, त्याच्या पोराचं लग्न आहे वैशाखात. पत्रिकेचा प्रूफ पाठवलाय, दादा, तू लिहिणारा माणूस, जरा शुद्धलेखन बघून दे. उघडलं तर वर गणपती, खाली दोन तलवारी आडव्या, आणि ठसठशीत अक्षरात, सरदार घराणे, मूळ निवासी चितोडघड.

मी घ चा ग केला आणि पाठवून दिला.