दिंडोरी ते विंचूर, व्हाया मामांची बाग

जानेवारीचा शेवटचा आठवडा म्हणजे आमच्याकडे नुसती धावपळ. चेनिन ब्लां या व्हाइट वाइनच्या द्राक्षाची तोडणी तोंडावर आलेली, टाक्या धुऊन तयार, आणि मजुरांच्या टोळ्या मात्र निर्यातीच्या बागांमध्ये अडकलेल्या. तरीही विंचूरला एक चक्कर मारायचीच होती. मी दिंडोरी तालुक्यात छोटी वायनरी चालवतो, आणि गेल्या हंगामातली वाइन तिथल्या दोन वाइनमेकर मित्रांसोबत चाखायचं ठरलं होतं. जाताना जानोरीवरून ओझर, मग पिंपळगाव बसवंत, निफाड आणि पुढे विंचूर असा रस्ता धरला. नाशिकच्या वाइनचा खरा इतिहास मला या रस्त्यावर दिसतो.

शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याहून पाहुणे टेस्टिंगला येतात. त्यांच्या लेखी ही गोष्ट गंगापूर धरणाजवळ सुरू होते. १९९७ मध्ये तिथं सॉव्हिन्यों ब्लां आणि चेनिन ब्लांची लागवड झाली, २००० साली तिथल्या सुला वायनरीची पहिली वाइन बाजारात आली. त्या कामाचं मोल मोठंच आहे, त्यानंतरच आमच्यासारख्यांना हिंमत आली. पण द्राक्षवेल या मातीत त्याच्या कितीतरी आधी रुजली होती, आणि वेलीला इथं जगवायचं कसं हे कोडं सोडवणारी माणसं टेबल द्राक्षाची, म्हणजे खायच्या द्राक्षाची होती.

ओझर म्हटलं की लोकांना एचएएलचा विमान कारखाना आठवतो. द्राक्षवाल्यांना रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड आठवतात. नाशिक जिल्ह्यातल्या द्राक्षशेतीची सुरुवात त्यांनी १९२५ मध्ये ओझरला केली, असं इथं मानलं जातं. पुढे भोकरी, फकडी, अनाब-ए-शाही अशा जाती करत करत बिनबियांच्या थॉमसन सीडलेसचं राज्य आलं. महाराष्ट्राच्या पठारावर द्राक्ष मात्र त्याहूनही जुनं. चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादला येऊन गेला, तेव्हा इथली द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा येतात असं त्यानं लिहून ठेवलं आहे.

हे 'दोनदा' फार महत्त्वाचं आहे. युरोपात हिवाळ्यात वेल झोपते, पानं गाळते, वसंतात जागी होते. आपल्याकडे तिला झोपच नाही, ती बारा महिने वाढायला बघते. म्हणून आपण तिला दोनदा छाटतो. एप्रिलची खरड छाटणी काडी तयार करण्यासाठी, आणि पावसाळा सरता सरता, साधारण ऑक्टोबरमध्ये, गोडी छाटणी फळासाठी. गोडी छाटणी लवकर घेतली तर परतीच्या पावसात केवडा हा बुरशीचा रोग गाठतो आणि घड गळतात. उशीर केला तर फळ मार्चच्या उन्हात पिकतं, साखर पळत सुटते आणि आंबटपणा मागे राहत नाही. वाइनचं निम्मं नशीब त्या एका तारखेवर ठरतं. कुठल्याही वायनरीत गेलात तर लाकडी पिंपांचे फोटो नंतर काढा, आधी 'गोडी छाटणी कधी घेतली?' हे विचारा. ज्याला बागेशी देणंघेणं आहे तो उत्तर देताना खुलतो.

पिंपळगावच्या अलीकडे मामांची बाग आहे. मी पोचलो तेव्हा मामा थॉमसनच्या घडांना पेपर लावून घेत होते. वर्तमानपत्राच्या कागदात एकेक घड गुंडाळायचा, वरून पीन मारायची. दिवसा ऊन आणि रात्री कडाका असा फरक वाढला की हिरव्या मण्यांवर गुलाबी झाक चढते आणि व्यापारी लगेच भाव पाडतो. त्या आठवड्यात कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा रोज पेपरात येत होता. निफाडचा पारा घसरला की मामांच्या घरात सगळे गप्प होतात. मणी तडकू नयेत म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटतात. आणि तीच थंडी मला हवी असते! रात्र गार असेल तर फळ आंबटपणा धरून ठेवतं, आणि तोच व्हाइट वाइनचा कणा आहे. एकाच हवेत मामा हिशेब मांडत बसतात आणि मी मनातल्या मनात खूश होतो, याचं मला दरवर्षी वाईट वाटतं.

मामा माळकरी आहेत, वाइनचा थेंब त्यांनी कधी तोंडाला लावलेला नाही. पण ग्लास नाकाशी धरायला त्यांची ना नसते. मी सॉव्हिन्यों ब्लां ओतून पुढे केली. त्यांनी दोनदा वास घेतला.

"पश्चिमेकडची पानं ठेवली होतीस का रे?"

"हो मामा, मुद्दाम ठेवली. तुम्हाला कसं कळलं?"

"ढोबळी मिरचीसारखा येतोय. सावलीतल्या घडाचा असाच येतो, हिरवा."

अगदी बरोबर. सॉव्हिन्योंमधला तो हिरवा वास ऊन लागलं की कमी होत जातो. पुस्तकांत त्या रसायनाचं लांबलचक नाव आहे, पण मामांना तो वास बागेतून ठाऊक आहे. टेस्टिंग म्हणजे ग्लास तिरका धरून रंग बघणं, फिरवणं, तोंडात घेऊन हवा ओढणं, हे सगळं मी पाहुण्यांना शिकवतो आणि ते उपयोगीही आहे. तरी नाक तयार व्हायचं तर ते बागेतच.

मामांच्या विहिरीशेजारी शिराझ या रेड वाइनच्या द्राक्षाच्या थोड्या ओळी अजून उभ्या आहेत. २००१ मध्ये सरकारचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, विंचूर आणि सांगलीतल्या पलूसला वाइन पार्क झाले, आणि गावोगाव वाइनच्या जाती लागल्या. मामांनीही एका वायनरीशी करार केला. २००८ नंतर मंदी आली, मुंबईवरच्या हल्ल्यानंतर हॉटेलं ओस पडली, आणि वायनरीनं माल उचलला नाही. द्राक्षं वेलीवरच सुकली. किती जणांनी त्या वर्षांत कुऱ्हाड चालवली! मामांनी बहुतेक बाग पुन्हा थॉमसनवर नेली, या ओळी तेवढ्या राहिल्या. आता त्यांचं फळ मी घेतो आणि पैसे तोडणीच्या दिवशीच देतो. एवढी शिस्त आमच्या धंद्यानं तेव्हाच पाळली असती, तर आज शेतकऱ्यांना वाइन द्राक्ष लावा म्हणून विनवावं लागलं नसतं.

ओळीतून फिरत मी मणी तोंडात टाकत गेलो. आधी गर, मग साल सावकाश चावायची, शेवटी बी दाताखाली फोडायची. हिरवी बी जिभेला कडू, तुरट चिकटते. पिकलेली तपकिरी बी कुरकुरीत फुटते, भाजल्या शेंगदाण्यासारखी. रिफ्रॅक्टोमीटरमध्ये ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, वीसच्या आसपास होता आणि बिया निम्म्याअधिक हिरव्या. म्हणजे अजून बरंच थांबायचं.

पिंपळगावातून पुढे निघालो. ऐंशीच्या दशकात, नारायणगावला शामराव चौगुल्यांची इंडाज वायनरी उभी राहत होती त्याच सुमारास, इथल्या शेतकऱ्यांनी सहकारातून 'पिंपेन' नावाची स्पार्कलिंग वाइन काढली होती. ती टिकली नाही. पण कांदा-टोमॅटोच्या या बाजारगावात शेतकऱ्यांनी स्वतःच्या भांडवलावर फेसाळती वाइन बनवायचं धाडस केलं, हे मला आजही थक्क करतं.

निफाड मागे टाकून दुपारी विंचूरला पोचलो. तिथं आम्ही तीन चेनिन ब्लां पुढ्यात घेतल्या: माझी दिंडोरीच्या मुरमाडावरची, एक निफाडच्या काळ्या जमिनीतली आणि एक चांदवडच्या बाजूच्या माळावरची. बाटल्या कागदात गुंडाळल्या आणि ग्लास फिरवले. पहिला ग्लास भरदार, पिकल्या पेरूचा, मागून केळ्याचा वास. तोंडात गोल, पण लवकर संपणारा. दुसरा फिका, आंबट, कच्च्या पेरूचा, गिळल्यावरही बराच वेळ रेंगाळणारा. तिसऱ्याला किंचित मधाची झाक. पहिली काळ्या जमिनीची आणि दुसरी माझी, हे मी ओळखलं आणि मला मनापासून आनंद झाला.

यावर निफाडचा मित्र म्हणाला, "जमिनीला एवढं श्रेय देऊ नकोस. केळ्याचा वास माझ्या यीस्टचा आहे, मी बारा अंशांवर आंबवली." त्याचं म्हणणं खरं आहे; थंड आंबवणीत तसा वास येतोच. पण ती लवकर का संपते याचं उत्तर यीस्टमध्ये नाही, असं मी धरून बसलो. बरीच वादावादी झाली. शेवटी ठरलं की या हंगामात तिघांनी प्रत्येकी एक छोटी टाकी एकाच यीस्टनं, एकाच तापमानाला आंबवायची आणि पावसाळ्याआधी पुन्हा इथंच बसायचं. यीस्टची ऑर्डर मी तिथूनच फोनवर दिली.