तुम्ही विचारलंत म्हणून: मी सगळ्यांत मागे पडले तर?

"मी सगळ्यांत हळू असेन, माझ्यामुळे बाकीचे खोळंबतील. तरी येऊ का?" ड्युअल स्पोर्ट राइडचं नाव काढलं की नवखी मंडळी मला हेच विचारतात. पहिल्या राइडच्या आदल्या रात्री मलाही याच धास्तीनं झोप लागली नव्हती. माझं उत्तर एकच आहे: या. आयोजक जाणते असतील तर सगळी आखणी शेवटच्या बाईकचा विचार करूनच केलेली असते.

ही शर्यत नसते. दिवे, आरसे, नंबर प्लेट असलेली, डांबरावर आणि कच्च्या वाटेवर दोन्हीकडे चालणारी बाईक घेऊन दिवसभर सोबतीनं फिरायचं. सकाळी निघण्याआधी सगळ्यांना गोळा करून नियम सांगतात, ते मात्र कान देऊन ऐका. सगळ्यांत पुढे वाट ठाऊक असलेला लीड, सगळ्यांत शेवटी स्वीप, म्हणजे मागे कुणी राहू नये हे पाहणारा. फाटा आला की लीडच्या लगेच मागची बाईक तिथं थांबते आणि मागून येणाऱ्यांना वळण दाखवते. स्वीप पोचला की तिची सुटका. पुढच्या फाट्यावर तेव्हा जो दुसरा असेल तो थांबतो. त्यामुळे पुढचा दिसत राहावा म्हणून कुणाला धावावं लागत नाही. उलट धूळ खाली बसेल इतकं अंतर ठेवलेलंच बरं.

माझ्या त्या पहिल्या राइडला तिसऱ्या फाट्यावर थांबायची माझी पाळी आली. एकेक बाईक गेली, मग कुणीच नाही. दहा मिनिटं झाली, वीस झाली. मला विसरले, स्वीप दुसऱ्या वाटेनं गेला, असं काय काय मनात येऊ लागलं. हेल्मेट चढवलं, अंगठा स्टार्टरवर गेला. पण सकाळी बजावलं होतं, "स्वीप येईपर्यंत फाटा सोडायचा नाही." थांबले. अर्ध्या तासानं दोन बाईक आल्या. पुढचा रायडर माझ्याइतकाच नवखा, त्याच्या मागे स्वीप. खडकाळ वाटेवर पकड मिळावी म्हणून त्या नवख्यानं टायरची हवा फारच कमी केली होती, आणि दगडावर आदळून रिमखाली ट्यूब चिमटून पंक्चर झाली होती. मी निघून गेले असते तर त्या फाट्यावर त्याला वळण दाखवायला कुणी नसतं. आपण हळू असल्यानं राइड बिघडत नाही, फाटा सोडल्यानं बिघडते, हे मला त्या दिवशी कळलं.

पडाल का? बहुतेक पडालच. मी वाळूत पडले. वाळूत बाईक डोलायला लागते, घाबरून मी थ्रॉटल सोडला, वजन पुढे आलं आणि पुढचं चाक रुतलं. तिथं पेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यांवर, उभं राहून, वजन जरा मागे ठेवून, थ्रॉटल हलकासा चालू ठेवायचा असतो. नजर लांब हवी, चाकासमोर नाही. सकाळी कुणीतरी माझ्या क्लच-ब्रेकच्या लिव्हरचे क्लॅम्प किंचित सैल करून दिले होते, म्हणून लिव्हर तुटायच्या ऐवजी फिरली. स्वीपनं बाईक उचलून दिली नाही. आधी इंजिन बंद करायला लावलं, मग बाईक गिअरमध्ये आहे ना ते पाहिलं, आणि पाठ सीटला टेकवून पायांच्या जोरावर कशी रेटायची ते दाखवलं. एकशे चाळीस किलोंची बाईक मी स्वतः उभी केली! त्या क्षणाचा आनंद अजून ताजा आहे.

दुपारी सोपी आणि अवघड अशा दोन वाटा फुटल्या. मी सोपी घेतली. तुम्हीही घ्या, हात थकले की चुका वाढतात.

शेवटच्या फाट्याला मी स्वीपच्या लगेच पुढे होते. वळण दाखवायला थांबलेला रायडर दगडावर बसला होता, हेल्मेट आरशाला अडकवलेलं. किती वेळ झाला, असं विचारलं, तर म्हणाला, "असू दे, या सावकाश," आणि डावीकडे हात केला.