पटावर ४२, ग्रुपवर १९

ऑगस्ट २०२०. शाळा बंद होऊन पाच महिने होत आले होते. दुपारी वरून मेसेज आला : ऑनलाइन हजेरीची टक्केवारी चारपर्यंत पाठवा. आमच्याकडे माहिती कायम ‘तातडीनं’च हवी असते.

माझ्या सहावीच्या ग्रुपवर १९ नंबर. त्या दिवशी तासाला १७ जण. टक्केवारी ८९. पाठवणार, तेवढ्यात टेबलावरचा पट दिसला. त्यात ४२ नावं. ४२नं भागलं तर जेमतेम ४०! तक्त्यात पटसंख्येचा रकानाच नव्हता.

मग उरलेल्या २३ जणांना फोन लावत बसले. नऊ नंबर बंद. एका वडिलांनी विचारलं, “फोन माझ्याबरोबर कामावर असतो, रात्री आठला घरी येतो. तेव्हा शिकवाल का?” टोमणा नव्हता, खरंच विचारत होते.

एका घरी दोन भावंडं, फोन एक, दोघांचे तास दहालाच. फोन दहावीतल्या दादाला. मुलीला विचारलं, “मग तू काय करतेस गं?”

“दादाच्या मागं बसून ऐकते. मॅडम, स्पर्शिका म्हणजे वर्तुळाला एकाच बिंदूत टेकणारी रेघ ना?”

बरोबर होतं. सहावीचे अपूर्णांक मात्र तिला कुणी शिकवले नव्हते.

आणि जे १७ ‘हजर’ होते, त्यातल्या एकाच्या फोनची खालची अर्धी स्क्रीन काळी होती. फळ्यावर मी वरच्या बाजूला लिहीन तेवढंच त्याला दिसायचं. हे त्यानं दोन महिने सांगितलंच नव्हतं.

त्याच महिन्यात युनिसेफचा अहवाल आला. शाळा बंद असताना जगातल्या किमान ४६ कोटी ३० लाख मुलांपर्यंत इंटरनेट, टीव्ही, रेडिओ यांपैकी कशानंही शिक्षण पोहोचू शकत नव्हतं, म्हणजे शाळेत जाणाऱ्या साधारण दर तिसऱ्या मुलापर्यंत. घरात साधन असूनही ते हाती न लागणारी मुलं या आकड्यात नाहीत, प्रत्यक्षात परिस्थिती आणखी वाईट असणार, हेही त्यांनी म्हटलं होतं. माझी स्पर्शिकावाली त्यात धरलेली नसणार. घरात फोन होता ना!

मी ४० लिहून पाठवलं. दहा मिनिटांत फोन. “मॅडम, आकडा चुकलाय का? बाकीच्यांचे नव्वदच्या आसपास आहेत.”

“नाही चुकला.”

“मग शेरा लिहा.”

शेऱ्याच्या चौकटीत एक ओळ मावत होती. ‘पट ४२’ एवढंच लिहिलं.

रात्री आठला त्या वडिलांना फोन लावला. मुलगा लगेच बोलायला आला. छेद समान करून झाले, बेरजेला लागलो आणि त्यांची बॅटरी संपली.